लाल कुठे, निळे कुठे? : सिम्युलेशनच्या अहवालाचे एक वाचन

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट-अहवाल हा महाराष्ट्रात दरवर्षी मोठ्या संख्येने लिहिला जाणारा आणि कधीच समीक्षा न होणारा लेखनप्रकार आहे. रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरे, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि मग प्रकरणे. मेकॅनिकल शाखेच्या अहवालात पाचव्या-सहाव्या प्रकरणाच्या सुमारास 'अ‍ॅनॅलिसिस' येते. तिथे पानभर रंगीत चित्र असते. यंत्राचा एखादा भाग निळ्यापासून हिरव्या-पिवळ्यातून लालपर्यंत रंगलेला, बाजूला रंगांची पट्टी आणि खाली एक वाक्य : कमाल ताण अनुज्ञेय मर्यादेपेक्षा कमी आहे, म्हणून रचना सुरक्षित आहे.

या लेखाचा विषय त्या वाक्यातला 'म्हणून' आहे. ताण कमी आहे हे संगणकाने सांगितले. रचना सुरक्षित आहे हे मात्र माणूस सांगतो आहे. या दोन विधानांमध्ये जे अंतर आहे ते अहवालात लिहिलेले नसते. ते वाचकाने भरून काढायचे असते आणि बहुतेक वाचक, म्हणजे मार्गदर्शक, परीक्षक आणि पुढे कारखान्यातला वरिष्ठ, चित्राकडे पाहून पान उलटतात.

इतिहासाच्या क्षेत्रात आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. वि. का. राजवाड्यांनी बखरीला पुरावा मानायला नकार दिला आणि अस्सल कागदपत्रांचा आग्रह धरला, तो याच कारणासाठी. बखर खोटीच असते असे नव्हे. पण ती कोणी लिहिली, कधी लिहिली, काय आधीच गृहीत धरून लिहिली हे विचारल्याशिवाय तिच्यातले विधान घेता येत नाही. सिम्युलेशनच्या चित्रालाही हेच प्रश्न विचारावे लागतात. ते विचारण्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज बरीच कमी आणि सावध वाचक असण्याची गरज बरीच जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे.

१. चित्र कसे तयार होते

यंत्रभागातला ताण, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर पडणारे अंतर्गत बल, काढण्याची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच तयार होती. अडचण होती ती आकारांची. सरळ पट्टी, गोल दांडा, एकच भोक असलेला पत्रा अशा सोप्या आकारांची उत्तरे कागदावर निघतात. रुंद पत्र्याला मध्ये लहान गोल भोक असेल आणि तो एका दिशेने ओढला तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ साली दाखवले. पण विमानाचा पंख किंवा इंजिनचा ठोकळा असा सोपा नसतो.

यावरचा उपाय म्हणजे मोठ्या आकाराचे छोट्या छोट्या तुकड्यांत विभाजन करणे, प्रत्येक तुकड्याचे वागणे साध्या सूत्राने मांडणे आणि सगळे तुकडे सांध्यांवर जुळवून हजारो समीकरणे एकदम सोडवणे. रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने १९४३ साली त्रिकोणी तुकड्यांची कल्पना मांडली होती. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानरचनेसंबंधीचा प्रसिद्ध निबंध १९५६ सालचा. क्लफ यांनी १९६० साली या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. पुढे नासाने 'नॅस्ट्रॅन' हा संगणक-कार्यक्रम तयार करवून घेतला आणि ही पद्धत मोटारी, पूल, जहाजे अशा सर्व क्षेत्रांत पसरली. आज ती विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर चालते.

त्यातला गणिताचा भाग संगणक चोख करतो. पण त्याआधी माणसाने चार निर्णय घेतलेले असतात : तुकडे किती बारीक आणि कोणत्या आकाराचे करायचे, धातू कसा वागतो असे मानायचे, भाग कुठे घट्ट धरलेला आहे असे समजायचे आणि त्यावर बल किती व कुठून लावायचे. चित्रात या चारपैकी एकही निर्णय दिसत नाही. दिसतो तो फक्त त्यांचा परिणाम, आणि तोही इतक्या सुबक रंगांत की तो परिणाम नसून फोटो आहे असे वाटावे.

२. एका नमुन्याचे वाचन

उदाहरणासाठी विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमधून लोकप्रिय झालेला एक विषय घेऊ. खडबडीत रस्त्यावर धावणाऱ्या, एकाच माणसाच्या छोट्या गाडीचा नळ्यांचा सांगाडा, म्हणजे रोल केज. 'बाजा'सारख्या स्पर्धांसाठी देशभरातली मुले अशा गाड्या स्वतः वेल्डिंग करून बनवतात. ते काम कष्टाचे आणि कौतुकाचे आहे. पुढचे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण गणिताची रीत अशा अहवालांत सर्रास आढळणारी आहे.

समजा गाडी आणि चालक मिळून २५० किलो. वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. गाडी भिंतीवर आदळून थांबते. संवेगातला बदल भागिले वेळ म्हणजे बल. वेळ ०.१ सेकंद धरला तर बल सुमारे ४१,७०० न्यूटन येते. ०.२ धरला तर २०,८००. ०.३ धरला तर १३,९००. हे बल पुढच्या नळ्यांवर लावायचे, मागचे सांधे घट्ट धरले आहेत असे संगणकाला सांगायचे आणि चित्र काढायचे.

समजा पहिल्या बलाला कमाल ताण ४२० मेगापास्कल आला. नळीच्या पोलादाची यील्ड मर्यादा, म्हणजे ज्यापुढे नळी कायमची वाकते तो ताण, ३६५ धरू. सुरक्षा गुणांक ०.८७, म्हणजे रचना नापास. आता वेळ ०.३ सेकंद करा. या प्रकारच्या साध्या विश्लेषणात ताण बलाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो १४० होतो आणि गुणांक २.६. रचना उत्तम गुणांनी पास. नळी तीच, गाडी तीच, वेग तोच. आणि गंमत अशी की रंगपट्टी आपोआप जुळवून घेत असल्याने तिन्ही वेळा चित्रही तेच येते. तिथेच लाल, तिथेच निळे. बदलतात ते फक्त पट्टीशेजारचे बारीक आकडे.

म्हणजे सुरक्षिततेचा सगळा निर्णय ०.१ की ०.३ या एका आकड्यात झाला. तो आकडा आला कुठून? बहुधा आधीच्या वर्षीच्या अहवालातून, आणि त्यात त्याच्या आधीच्या. अहवाल इथे पोथीसारखा नकलून पुढे जातो, आणि पोथीतल्या चुकीप्रमाणेच ही गृहीतकेही जातात.

पण समीक्षकाला याहून महत्त्वाची गोष्ट दिसायला हवी : हा अहवाल स्वतःशीच विसंगत आहे. सेकंदाला १६.६७ मीटर वेगाने येणारी गाडी सारख्या गतीने मंदावत ०.३ सेकंदात थांबत असेल तर तेवढ्या वेळात ती अडीच मीटर पुढे जाते. भिंत हलत नसेल तर गाडीचे नाक अडीच मीटर चेपले पाहिजे. अशा गाडीची लांबीच साधारण तेवढी असते. ०.१ सेकंद धरला तरी ८३ सेंटिमीटर. आणि त्याच अहवालात दोन पाने पुढे दुसरे रंगीत चित्र असते, त्यात सांगाड्याचे कमाल सरकणे चार-पाच मिलिमीटर दाखवलेले असते. एका पानावर गाडी चालकासकट चिरडली आहे आणि दुसऱ्या पानावर ती जेमतेम हलली आहे. दोन्ही खरे असू शकत नाहीत. समोर भिंतीऐवजी मागे सरकणारी दुसरी गाडी आहे, असे म्हटले तर वेळ वाढू शकतो. पण मग तसे लिहायला हवे आणि दुसऱ्या गाडीचाही हिशोब मांडायला हवा.

आणखी एक गोष्ट. स्पर्धेचे नियमपुस्तक नळीच्या ताकदीची किमान अट आधीच घालून देते. विद्यार्थी त्या अटीत बसणारी नळी घेतात, सांगाडा आखतात आणि मग अ‍ॅनॅलिसिस करतात. म्हणजे रचना विश्लेषणातून आलेली नसते. विश्लेषण रचनेच्या मागून, तिला आशीर्वाद देण्यासाठी आलेले असते. त्यातून रचनेत काही बदलले असे सांगणारा अहवाल विरळा. माझ्या मते हाच या लेखनप्रकाराचा मूळ दोष आहे. साधन प्रश्न विचारण्यासाठी आहे आणि वापरले जाते मात्र उत्तर सजवण्यासाठी.

३. परीक्षकाऐवजी समुद्र

विद्यार्थ्याचा अहवाल चुकला तर फार तर गुण जातात. पण हीच वाचनाची सवय पुढे व्यवसायात जाते, म्हणून मोठ्या रचनांकडे पाहणे भाग आहे.

नॉर्वेत स्टॅव्हेंजरजवळच्या फ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ रोजी 'स्लाइपनर ए' या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया बुडाला. त्यावर फलाट बसवण्यापूर्वी तो पाणी भरून हळूहळू खोल उतरवून पाहिला जात होता. आतली एक भिंत तडकली, पंपांना आवरेना इतके पाणी आत आले आणि पाया तळाशी आपटला. हादरा भूकंपमापकावर सुमारे ३ नोंदला गेला. माणसे वाचली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले.

चौकशीत आढळले की नॅस्ट्रॅनवर केलेल्या विश्लेषणात भिंती जिथे एकमेकींना मिळतात तिथले तुकडे फार मोठे आणि वेडेवाकडे घेतले होते. त्यामुळे तिथले कर्तन बल, म्हणजे भिंत कात्रीसारखी कापू पाहणारे बल, ४७ टक्के कमी आले. त्या कमी आकड्यावर विसंबून भिंतीची जाडी आणि सळया ठरल्या. अपघातानंतर बारीक तुकड्यांनी केलेल्या विश्लेषणाने ६२ मीटर पाण्याखाली भिंत फुटेल असे सांगितले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धत निर्दोष होती. नीट विचारले असते तर तिने आधीच सांगितले असते.

बोचणारी बाब वेगळीच आहे. ६५ मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ६५ टन. भिंतीच्या एका पट्ट्यावरचा हा भार दोन टोकांना निम्मा निम्मा वाटला जाणार, हे तुळईचा पहिला धडा शिकलेल्या कोणालाही कागदावर काढता येते. हा हिशोब ढोबळ असेल, पण संगणकाचा आकडा त्याच्या जवळपास निम्मा का येतो, हा प्रश्न त्याने नक्की उभा केला असता. नवा पाया आखताना वेळ कमी होता, म्हणून अभियंत्यांनी जुन्या, हाताने हिशोब करण्याच्या पद्धतीवर भर दिला आणि १९९३ साली तो उभा राहिला.

४. पडद्यावरचे मथळे

स्लाइपनरमध्ये विश्लेषण चुकले. 'कोलंबिया' अवकाशयानाच्या बाबतीत विश्लेषणाने धोका दाखवला होता, चुकले ते वाचन.

१६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी 'क्रेटर' नावाच्या गणिती साधनाने नुकसानीचा अंदाज घेतला. हे साधन ३ घन इंच एवढ्या लहान तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेले होते. या वेळचा तुकडा, अभियंत्यांच्या सादरीकरणातल्याच आकड्यानुसार, १,९२० घन इंचांचा असू शकत होता. म्हणजे ६४० पट. साधन त्याच्या माहितीच्या मुलखाबाहेर नेले होते. तरीही क्रेटरने सांगितले की घाव टाइलच्या जाडीपेक्षा खोल जाऊ शकतो. हे साधन नेहमी वाढवूनच सांगते, टाइलचा खालचा थर अधिक घट्ट असतो, असा विचार करून तो इशारा सौम्य केला गेला.

व्यवस्थापनापुढे जो पडदा मांडला गेला त्याचे वाचन एडवर्ड टफ्टी या माहिती-रचनेच्या अभ्यासकाने केले आहे. मथळ्यात दिलासा आणि ६४० पटींची बाब सगळ्यात खालच्या, सगळ्यात लहान अक्षरांच्या ओळीत, असा तो पडदा होता. अपघाताच्या अधिकृत चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात या सादरीकरणाच्या पद्धतीवर टीका केली. एखाद्या मजकुराची समीक्षा अपघाताच्या चौकशीचा भाग व्हावी, ही साहित्याच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी घटना आहे.

१ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान फुटले. कर्नालच्या कल्पना चावलासह सातही जण गेले. त्याच वर्षी ७ जुलैला टेक्सासमध्ये पंखाच्या कडेच्या खऱ्या भागावर फोमचा तुकडा तोफेने मारून पाहिला, तेव्हा सुमारे १६ इंचांचे भगदाड पडले.

५. मग चाचणीच घ्यावी?

यावर सरळ उत्तर सुचते : चित्रे सोडा, वस्तू मोडून पाहा. पण राजवाड्यांच्या मागून आलेल्या इतिहासकारांना जसे कळले की अस्सल पत्रही परीक्षेशिवाय घेता येत नाही, तसेच चाचणीचेही आहे.

डी हॅव्हिलंडचे 'कॉमेट' हे जगातले पहिले प्रवासी जेट विमान. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ समुद्रावर दोन कॉमेट हवेतच फुटली. एकूण ५६ माणसे गेली. पहिल्या विमानाची उड्डाणे सुमारे १,३००, दुसऱ्याची सुमारे ९००. कंपनीने मात्र आधीच विमानाच्या पुढच्या भागाची चाचणी घेतली होती आणि हवा भरण्या-सोडण्याची १६,००० हून अधिक आवर्तने त्याने सोसली होती.

असे कसे झाले? चाचणीसाठी वापरलेला भाग आधीच्या ताकदीच्या चाचणीत नेहमीच्या दाबाच्या सुमारे दुप्पट दाबाने फुगवलेला होता. त्या एका अतिदाबाने भोकांच्या कडेचा धातू थोडा कायमचा ताणला गेला, दाब काढल्यावर तो आतून आवळला गेला आणि तिथे चीर पडणे लांबले. चाचणीतला भाग विक्रीच्या विमानापेक्षा मजबूत होऊन बसला. चाचणी खरी होती, फक्त ती दुसऱ्याच विमानाची होती. पुढे फार्नबरोला एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून दाब देत गेले, तेव्हा आधीची खरी उड्डाणे आणि टाकीतली आवर्तने मिळून सुमारे ३,००० ला त्याची काया फाटली.

म्हणजे चाचणी हेही एक प्रतिरूपच. तिच्यातही गृहीतके असतात, फक्त ती लोखंडात आणि पत्र्यात लपलेली असतात.

दोन्ही साधने एकमेकांना तपासतात तेव्हा काय होते, याचे उत्तम उदाहरण बोइंग ७७७ चे आहे. हे विमान जवळपास पूर्णपणे संगणकावर आखलेले. तरीही जानेवारी १९९५ मध्ये त्याचे पंख मोडेपर्यंत वाकवले गेले. उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या १५० टक्के सोसणे हा नियम होता. पंख मोडले १५४ टक्क्यांना. चार टक्के जास्त हे फार मोठे यश आहे, कारण पंख १५० च्या आत मोडला असता तर तो धोका, आणि २०० ला मोडला असता तर ते आयुष्यभर वाहायचे फुकट वजन. विश्लेषणाची खरी कामगिरी ही अशी दिसते. आकडा आधी सांगायचा, आणि मग वस्तूला बोलू द्यायचे. आपल्याकडेही भारत एनसीएपीच्या चाचणीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर प्रत्यक्ष आदळवली जाते. सांगाडा संगणकावर कितीही वेळा आदळवून झालेला असला तरी.

६. वाचकाचे हक्क

या वाचनातून प्रोजेक्ट-अहवालासाठी काही साध्या मागण्या निघतात. त्यांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली, संगणक चालवण्यापूर्वी कागदावर काढलेले ढोबळ उत्तर अहवालात हवे, दोन्हींत तफावत असेल तर तिचे कारणही. दुसरी, आधारांवर आलेल्या बलांची बेरीज लावलेल्या बलाइतकी आहे का, हे एका ओळीत हवे. तिसरी, तुकडे निम्मे आणि पाव करून तोच ताण पुन्हा काढलेला हवा. आकडा स्थिरावत असेल तर ठीक. आतल्या टोकदार कोपऱ्यात तो कधीच स्थिरावत नाही, तुकडे जितके बारीक तितका वाढत जातो, कारण तिथे गणितच अमर्याद ताण सांगते. तिथला लाल ठिपका पाहून घाबरण्यात अर्थ नाही आणि तो झाकण्यातही नाही. तो कोपरा प्रत्यक्षात किती गोल आहे ते मोजून मांडायला हवे. चौथी, निकाल ज्या एका-दोन गृहीतकांवर सर्वाधिक अवलंबून आहे त्यांची नावे आणि ती बदलल्यास काय होते याचा तक्ता हवा. आमच्या नमुन्यात हा तक्ता म्हणजे ०.१, ०.२, ०.३ या तीन ओळी. पाचवी, एक मोजमाप : सांगाड्यावर वाळूची पोती ठेवून किंवा जॅक लावून तो किती वाकतो ते डायल गेजने मोजावे आणि चित्रातल्या आकड्याशेजारी लिहावे. पाच मिलिमीटर म्हटले होते आणि नऊ आले, असे लिहिणारा विद्यार्थी माझ्या लेखी रंगीत पाने जोडणाऱ्यापेक्षा चांगला अभियंता आहे, आणि चांगला लेखकही.

यातले बरेच शिक्षकांना ठाऊक नाही असे नाही. पण तोंडी परीक्षेला एका गटाला मिळणारी मोजकी मिनिटे, एका मार्गदर्शकाकडे असलेले अनेक गट आणि नोकरीच्या मुलाखतीत 'कोणते सॉफ्टवेअर येते?' हाच प्रश्न, या सगळ्यांचे ओझे त्या 'म्हणून'वर पडते. सॉफ्टवेअर येणे म्हणजे बटणे माहीत असणे. काय विचारायचे आणि उत्तरावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे येणे ही वेगळी विद्या आहे. ती शिकवायला संगणकापेक्षा एक हट्टी परीक्षक जास्त उपयोगी पडतो. त्याने चित्राचे पान उघडून एवढेच विचारावे : हे बल तुम्ही कुठून आणले?